मोहितेअण्णांची काडतुसं

हुबळीच्या नवनगरात आमच्या शेजारच्या घराला मागे एक खोली होती आणि तिच्या दारावर पाटी होती. वर कन्नडात, खाली मराठीत: ‘आत काम चालू आहे. कोणी मेलं असेल तरच हाक मारावी.’ येणारेजाणारे पाटी वाचून हसायचे. ज्यांनी ती लिहिली होती त्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. तुकाराम मोहिते, रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर, अख्ख्या गल्लीचे मोहितेअण्णा, त्या खोलीत बसून बंदुकीची काडतुसं भरायचे.

हे ऐकून नवा माणूस दोन पावलं मागे सरायचा. म्हणून सांगते, त्यात चोरून करण्यासारखं काही नव्हतं. धारवाडच्या बाहेर माळावर नेमबाजीचा एक क्लब होता. तिथं मुलं-मुली हवेत उडवलेल्या मातीच्या थाळ्या फोडायला शिकायची. नवी काडतुसं महाग, शिवाय वेळेवर मिळतील याचा नेम नाही. तेव्हा वापरलेली रिकामी नळकांडी गोळा करून त्यांत पुन्हा बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि छर्रे भरायचे, आणि सरावाला ती वापरायची. परवाना क्लबचा, खोली अण्णांची, आणि परवान्याचा कागद देवाच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावलेला. तपासायला इन्स्पेक्टर आला की अण्णा आधी तो कागद दाखवायचे आणि मग पाणी विचारायचे.

मी हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. बंदुकीशी माझा संबंध नाही. पण आमच्या दोन घरांमध्ये एकच कंबरेएवढी भिंत, आणि पलीकडे काय चाललंय ते बघितल्याशिवाय मला राहवत नाही. हा माझा जुना दोष आहे.

अण्णा अंगानं वाळकुडे, डोक्यावर केस नाहीत, होते नव्हते ते सगळे कानांवर. कामाला बसताना घड्याळ काढायचे, अंगठी काढायची, सदरा काढून बिनखिशाची बंडी घालायची. "खिसा म्हणजे चोर," ते म्हणायचे. "टोपी एवढीशी असते. सांडली, खिशात गेली, तुम्ही तशीच चुलीपुढं जाऊन बसला, की संपलं." शकुअक्का, त्यांची बायको, आतून ओरडायची, "चुलीपुढं कोण बसतंय हो इथं? तुम्ही?" अण्णा तिच्याकडे लक्ष द्यायचे नाहीत.

त्यांची पद्धत मला पाठ झाली होती. लाकडाच्या जाड फळीला पन्नास भोकं. प्रत्येक भोकात एक नळकांडं उभं. पितळेच्या मापानं एकेकात दारू घालायची आणि मोठ्यानं मोजायचं, ते कन्नडात: ऒंदु, एरडु, मूरु. पन्नास झाले की टॉर्च घेऊन फळीवर वाकायचं आणि पन्नासही नळकांड्यांत डोकावायचं, दारू सगळीकडे सारखी आहे ना. मग बूच बसवायचं, आणि मग छर्रे. छर्रे मोजायचे मराठीत: एक, दोन, तीन. मी एकदा विचारलं, हे काय नाटक? तर म्हणाले, "बाई, दोन्हीला एकच मोजणी ठेवली की मन झोपतंय. कुठवर आलोय, दारू घालालोय का छर्रे, कळत नाही. कन्नड म्हणजे दारू, मराठी म्हणजे छर्रे. तोंड सांगतंय हाताला." शेवटी हाताच्या प्रेसचा दांडा ओढून नळकांड्याचं तोंड मिटवायचं. खट्ट. दिवसात पन्नासाची एक फळी झाली तरी फार.

एकदा मी आंबोळ्या घेऊन गेले आणि पाटी न जुमानता दार ढकललं. अण्णा ‘इप्पत्तेळु’ म्हणत होते, म्हणजे सत्तावीस. माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि सत्तावीसच्या सत्तावीस नळकांडी उपडी करून दारू परत डब्यात ओतली. मी म्हटलं, "अहो, सत्तावीसच होतं की, मी ऐकलं." म्हणाले, "तुम्ही ऐकलं. मी नाही ऐकलं." संध्याकाळी रिकामं ताट परत द्यायला आले तेव्हा आंबोळ्यांची तारीफ केली आणि पुन्हा येऊ नका असंही सांगितलं.

हात लबाड असतो, हे त्यांचं दुसरं वाक्य. माझ्याकडे नवी शेगडी बसवून मेकॅनिक गेला तर अण्णा भिंतीवरून उतरून साबणाचं पाणी घेऊन हजर. जोडावर फेस सोडून पाच मिनिटं बघत बसले. "त्याच्या हाताला वाटलं घट्ट झालं. हाताला काय, काहीही वाटतंय. डोळ्यानं बघायचं." फेस हलला नाही. मला वाटतं त्यांची जरा निराशाच झाली.

कलघटगीकडचा एक शेतकरी एकदा त्यांच्याकडे आला होता. पिकाच्या राखणीसाठी त्याच्याकडे परवान्याची बंदूक होती. रानडुकरांनी मका लोळवला होता. त्याला ‘जरा जोराचं’ काडतूस हवं होतं, दारू थोडी जास्त घालून. अण्णांनी आधी त्याला बसवून चहा दिला, मग परवाना फक्त क्लबपुरता आहे हे समजावलं. तरी तो ऐकेना, अण्णा एवढंच करा, तेवढंच करा. तेव्हा हे उठले. "डुक्कर मारायचंय का स्वतःला? नळी फाटली की डुक्कर पळून जातंय आणि तुझी बायको रडत बसतीय. साकु, पुरे झालं, ऊठ आता." बिचारा चहा अर्धा टाकून गेला. त्यांचा राग मला तेव्हा जरा जास्तच वाटला होता.

क्लबातल्या मुलींत एक होती दीपा. माझी विद्यार्थिनी, म्हणून मला तिचं कौतुक. बाप टेम्पो चालवायचा. नकाशात ती नदी नेहमी डोंगरावर चढवायची, पण खो-खोत तिला कोणी हात लावू शकत नसे. क्लबात ती कशी पोचली ही वेगळी गोष्ट. तिथं मात्र वर्षभरात अशी तयार झाली की राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत येईल असं सगळेच म्हणू लागले. आली असती तर खेळाडूंच्या जागेवर पोलिसात नोकरी होती. घरात पहिली नोकरी. क्लबाची बंदूक तिच्या खांद्याला लांब पडायची, म्हणून अण्णांनी दस्ता कापून, घासून, तिच्या मापाचा करून दिला. ती नेम धरून उभी राहिली की हे तिच्या मागे चार हातांवर हात बांधून उभे. थाळी फुटली की तोंडातल्या तोंडात "हौदु", म्हणजे ‘हो’, म्हणायचे. तिच्या बापाच्या तोंडावर नसेल एवढा आनंद ह्यांच्या तोंडावर.

स्पर्धेला महिना राहिला आणि विकतच्या काडतुसांचा माल कुठंतरी अडकला. क्लबाचे सेक्रेटरी एक वकील होते. ते आले आणि म्हणाले, दहा दिवसांत बाराशे हवीत. अण्णा म्हणाले, जमत नाही. वकीलसाहेब म्हणाले, मग दीपा काय हवेत बोट दाखवून सराव करणार? मीही भिंतीवरून तोंड घातलंच. "अण्णा, तुम्ही एका काडतुसाला मुंजीएवढा वेळ लावता. जरा हात चालवा की." हे मी बोलले. आजही आत्ताच बोलल्यासारखं ऐकू येतं.

अण्णांच्या मनात काय झालं ते मला नंतर कळलं. मोबाईलवर त्यांनी परदेशातल्या प्रेसचे व्हिडिओ बघून ठेवले होते. साध्या प्रेसला लोक काय काय जोडतात: आपोआप फिरणारी तबकडी, टोप्या एकामागून एक पुढे सरकवणारी पन्हळ, दांड्याच्या एका ओढीत मापून दारू सोडणारी सरकपट्टी. विकत आणायची सोय नव्हती. पण फिटरला विकत कशाला हवं? जुन्या हुबळीत त्यांच्या जुन्या सोबत्याचं लेथचं दुकान होतं. चार दिवस सकाळी डबा घेऊन तिथं जायचे आणि हात काळे करून परत यायचे. त्या चार दिवसांत मी त्यांना जेवढं खुशीत बघितलं तेवढं कधीच बघितलं नाही. वीस वर्षांनी लहान झाले होते. शकुअक्काला गाणं ऐकू आलं म्हणे, मागच्या खोलीतून.

पाचव्या दिवशी त्यांनी स्वतः मला हाक मारली. पाटी उलटी करून ठेवली होती. प्रेस ओळखू येत नव्हता. पितळ चकाकत होतं, तबकडी मऊ फिरत होती. "ओढा बाई दांडा." मी ओढला. तबकडी एक घर पुढे सरकली, एकीकडे टोपी बसली, एकीकडे दारू पडली, एकीकडे छर्रे, आणि शेवटच्या घरातून तयार काडतूस घरंगळून डब्यात पडलं. माझ्या हातून! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी विचारलं, "आणि मोजायचं कोणी? कन्नड-मराठी?"

"आता मशीन मोजतंय," अण्णा म्हणाले.

एकच उणीव होती, तीही त्यांनीच दाखवली. तबकडीवरच्या झाकणामुळे नळकांड्यात टॉर्च मारून बघता येत नव्हतं. वर एक छोटा आरसा तिरका बसवला की दिसलं असतं. तो कापून आणायचा होता. "आरसा आठ दिवसांनी लावू," ते म्हणाले, "आधी पोरीची काडतुसं होऊ देत." पाच दिवसांत बाराशे झाली.

रविवारी सकाळी क्लबावर दीपाच्या हातात बंदूक फाटली.

मी तिथं नव्हते. जे ऐकलं ते एवढंच, की आवाज नेहमीचा नव्हता, आणि अण्णा मागे चार हातांवरच उभे होते. तिला टेम्पोत घालून हुबळीला नेलं तेव्हा तिचा डावा हात त्यांनी आपल्या सदऱ्यात गुंडाळून दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तीन बोटं गेली. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन.

सोमवारी वकीलसाहेब अण्णांकडे आले. अंगणातच बोलले, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. बंदूक जुनी होती, म्हणाले. आणि पोरीनं विश्रांतीच्या वेळी नळी जमिनीला टेकवली असणार, तोंडात माती गेली असणार. माती अडकली की नळी फाटते, हे सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांना तसंच सांगितलं आहे. ‘असणार’ हा शब्द वकीलसाहेबांनी किती सहज वापरला, याचा मला त्या दिवशी राग आला नाही. बरं वाटलं. खरं तेच लिहायचं तर, सुटल्यासारखं वाटलं.

मंगळवारी दुपारी शकुअक्का भिंतीशी आली. "बाई, दोन दिवस जेवले नाहीत. तुम्हालाच बोलवालेत."

खोलीत दारू, टोप्या काहीही नव्हतं, उरलेली काडतुसं पोलिसांनी नेली होती. अण्णांनी दारूच्या भांड्यात रवा भरला होता. रिकामी नळकांडी शेजारी. मला स्टूल दिलं. "बाई, मी ओढत राहतो. तुम्ही मशीनकडं बघू नका. माझ्या हाताकडं बघा. नुसतं हाताकडं."

मी बघत बसले. खट्ट, खट्ट, खट्ट. काळा, शिरांचा, साधा हात. दांडा खाली, दांडा वर. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. माझे डोळे जड झाले होते. मग एक नळकांडं जरा वाकडं होतं, दांडा मध्येच किंचित अडला. अण्णांचा हात अर्धा वर आला आणि पुन्हा खाली गेला. लगेच. पुढची ओढ नेहमीसारखी. अण्णांचा चेहरा जराही बदलला नाही.

"थांबा," मी म्हटलं.

"काय झालं?"

"आत्ता काय केलंत?"

"काय केलं?" त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मी हवेत हात करून दाखवला. खाली, अर्धा वर, पुन्हा खाली. त्यांनी झाकण काढलं. त्या एका नळकांड्यात रवा दुप्पट होता. सरकपट्टी अर्ध्या ओढीतही मागे जाऊन भरून यायची आणि दुसऱ्यांदा सोडायची, तबकडी मात्र पूर्ण ओढीशिवाय पुढे सरकत नव्हती.

त्यांनी तो रवा तळहातावर ओतून घेतला. मग मला समजावून सांगू लागले, एखाद्या शिकाऊ पोराला सांगावं तसं. लोखंडात स्क्रूसाठी आटे पाडताना हत्यार एक फेरा पुढे न्यायचं, अडलं की अर्धा फेरा मागे घ्यायचं, कीस तुटतो, आणि मग परत पुढे. मागे घेतलं नाही तर हत्यार आत मोडतं. वर्कशॉपात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. "चाळीस वर्षं हेच केलं बाई. अडलं की अर्धं मागे. शेकडो पोरांना शिकवलं. आता ते मी करत नाही, हातच करतोय. मला विचारत पण नाही." आणि मग म्हणाले, "डोळ्यानं बघितलं असतं तर दिसलं असतं. आरसा दहा रुपयाचा होता."

आता मी सांगते ते माझ्याबद्दलही आहे. त्या मंगळवारी आम्हा दोघांना खरं काय ते कळलं. आणि आम्ही गप्प राहिलो. शकुअक्का हात जोडून म्हणाली, या वयात जेलात जाल. वकीलसाहेबांना अण्णांनी सांगितलं तर ते म्हणाले, क्लबाचा परवाना जाईल, बाकीच्या पोरांचं काय? मी म्हटलं, अण्णा, थोडं थांबा, घाई नको. आयुष्यभर घाई नको म्हणणाऱ्या माणसाला मी घाई नको म्हणाले. ते थांबले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. खोलीचं दार बंद. जेवताना ताटात नुसती बोटं फिरवायचे, असं शकुअक्का सांगायची.

रविवारी मी दवाखान्यात दीपाला भेटायला गेले. हात खांद्यापर्यंत पांढऱ्यात गुंडाळलेला. मला बघून आधी हसली, मग रडली. "बाई, माझंच चुकलं. मी नळी मातीत टेकवली असणार. मला आठवत नाही, किती आठवून बघितलं. पण वकीलसाहेब म्हणतात तसंच झालं असणार. अण्णांनी एवढी बंदूक माझ्या मापाची करून दिली, आणि मी फोडली." बाप कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "लहानपणापासून धसमुसळीच हाय ही." म्हणजे घरातही तेच ठरलं होतं.

मी तिला तिथंच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. घरी आले आणि भिंतीवरून अण्णांना सांगितलं, तिचे शब्द होते तसे. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "पोरगी असं म्हणाली?" आणि आत गेले.

सोमवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी उभे होते. मला म्हणाले, "चला बाई, तुम्ही हात बघितलाय." आधी पोलीस स्टेशनात गेलो. तिथं त्यांनी मापातली चूक, सरकपट्टी, न लावलेला आरसा, सगळं स्वतः सांगितलं. फौजदाराला ‘आटे’ कळेनात तर त्यांच्याच पेनाच्या टोपणावर फिरवून दाखवलं. मी साक्षीदार म्हणून सही केली. तिथून दवाखान्यात.

खुर्ची दिली तरी बसले नाहीत. दीपाच्या पायाशी उभं राहून म्हणाले, "नळीत माती नव्हती. तू काही केलं नाहीस. काडतुसात दारू दोनदा पडली होती. माझ्या हातानं. मंगळवारी मला कळलंय."

बापानं "काय?" म्हटलं आणि पुढे आला. मला वाटलं, मारतो आता. दीपानं उजव्या हातानं त्याला अडवलं. तिचं लक्ष अण्णांवरून हललं नव्हतं.

"मंगळवारी?" ती म्हणाली. "आज सोमवार हाय की अण्णा. रोज मी इथं पडून स्वतःला शिव्या घालालेय. अप्पा मला धसमुसळी म्हणालेत, मी हो म्हणालेय. हात गेला ते राहू द्या. एवढे दिवस तुम्ही कुठं होता?"

मला तिनं विचारलंच नाही. अण्णांनी दोन्ही हात जोडले आणि तसेच उभे राहिले. शेवटी नर्सनं आम्हाला बाहेर काढलं.

पुढचं सगळं कोर्टकचेरीतलं. परवाना गेला, क्लब बंद पडला, प्रेस पोलिसांच्या ताब्यात. वकीलसाहेब ओळख दाखवेनासे झाले. अण्णांवर केस उभी राहिली आणि ते प्रत्येक तारखेला वेळेआधी तासभर धारवाडच्या कोर्टात जाऊन बसायचे. त्यांची केस घेतलेला दुसरा वकील म्हणाला, गुन्हा नाकबूल करा, निसटाल. हे म्हणाले, "मी भरलं, मी नाही कसं म्हणू?" निकाल लागायच्या आधीच, झोपेत गेले. ‘आरोपी मयत’ असा शेरा मारून फाईल बंद झाली असं मी ऐकलं.

मला ते आठवतात ते त्याच कोर्टाच्या व्हरांड्यातले, त्यांच्या शेवटच्या तारखेचे. माझी साक्ष होती, दीपाचीही होती. अण्णा लांब बाकावर एकटेच बसले होते. दीपा बापाबरोबर आली तेव्हा बाकी सगळे बाक भरलेले होते. तिला बघून अण्णा सरकत सरकत बाकाच्या अगदी टोकाला गेले, म्हणजे तिघांना बसता यावं. बाप बसला. दीपा भिंतीला टेकून उभी राहिली. ऊन कडक होतं. तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, डाव्या काखेत दाबून धरली आणि उजव्या हातानं झाकण फिरवू लागली. बाटली दोनदा निसटली. अण्णा अर्धवट उठले.

"राहू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पूर्वी वर्गात मला उत्तर द्यायची तसा साधा आवाज.

तिसऱ्यांदा झाकण निघालं. ती पाणी प्यायली. पुकारा व्हायला अजून तासभर होता, आणि तासभर ती उभीच राहिली. अण्णाही तासभर बाकाच्या टोकावर तसेच बसून होते, मधली जागा तिच्यासाठी मोकळी ठेवून.